वन्सं, तुमच्या सीटवर बटाटे बसले

तीर्थरूप वन्संना आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांना माझा नमस्कार. जो दुखतो त्याला आधी. (कोणता ते एकदा ठरवून कळवा. विमानतळाच्या फाटकाशी डावा होता, गाडीकडे परत जाताना उजवा झाला, आणि ज्या चालीने तुम्ही गाडी गाठलीत ती पाहता दोन्ही बरे असावेत असं मला वाटून गेलं.) इकडे मी खुशाल आहे. हवा थंड आहे, पाणी त्याहून थंड आहे, भूक लागते, झोपही बरी लागते. तुमची झोप कशी आहे, भाचेबुवा वेळेवर घरी येतात का, जिन्यातला दिवा लागला का, ते सविस्तर लिहा. तोंडाला चव आहे का, हे मात्र विचारायचा धीर होत नाही, कारण तुमची कवळी माझ्याकडे आहे. विमान हादरलं तर घशात जाईल म्हणून तुम्ही ती गाडीतच काढून डबीत घातलीत, डबी बॅगेत घातलीत, बॅग विमानात चढली आणि तुम्ही तेवढ्या खाली राहिलात. कवळी सुखरूप आहे. तिचं पुढे सांगते. तोवर पाव दुधात भिजवून खा आणि रागावू नका, रागावायलाही दात लागतात.

तुम्ही फाटकापाशी थांबलात म्हणून पुढचं काहीच तुम्हाला दिसलं नाही, ते सगळं सांगते. विमान लहान आहे हे तुम्ही पाहिलंतच. ("एवढंसं?" असं तुम्ही म्हणालात आणि त्याच क्षणी गुडघा गेला.) जवळून ते आणखी लहान होतं. ह्यांच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला यायचे त्या टेम्पोंपेक्षा थोडंच मोठं, आणि दार लावताना आवाजही तसाच. पण त्याआधी एक काटा असतो. धान्याच्या दुकानात पोती तोलायला असतो तसला. लहान विमानात कोण किती जड आहे हे बघून कोणी कुठे बसायचं ते ठरवतात, म्हणून प्रत्येकाला हातातल्या सामानासकट काट्यावर उभं करतात, आणि काटेवाला आकडा मोठ्याने सांगतो, कारण लिहून घेणारा लांब टेबलाशी बसलेला असतो. आमच्याबरोबर एक नवं जोडपं होतं. त्यातली मुलगी बिचारी चपला काढून, बांगड्या काढून, श्वास रोखून उभी राहिली. नवरा चांगल्या वळणाचा, तो आभाळाकडे बघत राहिला. पण काटेवाल्याने आकडा असा पुकारला की आभाळातही ऐकू गेला असेल. तिसरे होते दाताचे डॉक्टर. ते दर आठवड्याला वर डोंगरातल्या पेशंटसाठी जातात. ते काट्यावर चढतानाच म्हणाले, "मागच्या वेळचाच आकडा लिही बाबा, मी काही बदललेलो नाही." काटेवाल्याने तोललं. ते बदलले होते.

मग तुमचा विषय निघाला. तुमचं वजन भाचेबुवांनी तुम्हाला विचारून आधीच कळवलं होतं आणि विमानाची मांडणी त्यावर झाली होती. काटेवाला म्हणाला, "त्या बाई येत नाहीत ना, मग त्यांच्या वजनाचं काहीतरी वर जाऊ दे." असं म्हणून त्याने शेडमधून बटाट्याचं पोतं आणलं, काट्यावर ठेवलं, थोडे बटाटे काढले, तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर काटा आणला, आणि ते पोतं तुमच्या सीटवर बसवून पट्टा बांधला. मी पोत्याकडे पाहिलं. मग फाटकाबाहेर गाडीतून हात हलवणाऱ्या तुमच्याकडे पाहिलं. काटेवाल्याला म्हटलं, बरोबर आहे. (घरची माणसं म्हणजे घरची माणसं. पण वन्सं, दीड पोतं लागलं असतं.)

माझ्या बॅगेत पुस्तकं असल्यामुळे मी अंदाजापेक्षा जड निघाले आणि मला पुढे, पायलटच्या शेजारी बसवलं. पायलट म्हणजे मला वाटलं होतं टोपीबिपी घातलेला, ताठ, कमी बोलणारा कोणी असेल. तर निघाले पोट सुटलेले, बाह्या नसलेला स्वेटर घातलेले, खिशात लिमलेटच्या गोळ्या असलेले गृहस्थ. "या काकू, इथे बसा, इथून सगळं दिसतं," म्हणाले. मी चढले. चढायची जागा अशी की एक पाय पंखावर, एक पाय आत, पदर कुठे आहे ते देवाला माहीत. मग एकदाची बसले, तर खालून कट्‌ असा आवाज झाला. मला वाटलं, विमान मोडलं. विमान नव्हतं मोडलं, त्यांचा चष्मा मोडला होता. सीटवर ठेवला होता तो. काचा शाबूत, पण दांडी एकीकडे, नाकावरची कमान दुसरीकडे. मला इतकी लाज वाटली की उतरून तुमच्याबरोबर परत जावं असं वाटलं. पण उतरायचं म्हणजे पुन्हा तो पंख.

पायलटसाहेबांनी चष्म्याचे तुकडे खिशात घातले, एक गोळी मला दिली, एक स्वतः खाल्ली, आणि म्हणाले, "लांबचं मला स्वच्छ दिसतं काकू, डोंगर काही चुकायचा नाही. हातातलं तेवढं दिसत नाही." मागून दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, मग निघायचं कसं? तर झालं असं की, विमान सुरू करण्याआधी काय काय तपासायचं त्याचा एक जाड कागद असतो, दोन्ही बाजूंनी छापलेला, वर प्लास्टिक चढवलेलं. तो पायलटला पाठ असतो, पण पाठ असला तरी चालत नाही, प्रत्येक ओळ वाचायची आणि ते ते हाताने तपासायचं, असा नियम. पाठ आहे म्हणणारी माणसंच एखादी गोष्ट विसरतात, असं ते म्हणाले आणि मला पटलं. तेव्हा त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. कानावर झाकणं बसवली, तोंडासमोर एक काडी आणून ठेवली. (त्या काडीत बोललेलं विमानातल्या सगळ्यांच्या कानात जातं. हे मला नीट सांगितलं गेलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.)

मी पहिली ओळ वाचली. "दारं बंद." त्यांनी दार दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बंद. हं, पुढे."

वन्सं, तुम्हाला सांगायला नको. हे गॅरेजमधून यायचे, मोरीत बसून हाताचं काळं काढत बसायचे आणि मी उंबऱ्यावर बसून वाचायची. माझं वाचन कुठून आलं ते तुम्हाला माहीत आहे. गॅरेजमध्ये सुटे भाग ज्या रद्दीत गुंडाळून यायचे, ती रद्दी हे घरी आणायचे आणि मी अक्षराला अक्षर लावत बसायची. तेलाचे डाग पडलेल्या बातम्या, अर्ध्या गोष्टी, कोणाच्या तरी लग्नाच्या जाहिराती. एका परिच्छेदानंतर थांबले की मोरीतून आवाज यायचा, "हं, पुढे." कागद फाटलेला असला की मी पुढचं मनानेच सांगायची. ह्यांना ते कळायचं. एकदा एका बातमीतल्या पळून गेलेल्या खजिनदाराला मी परत आणलं, माफी मागायला लावली आणि त्याच्या आईच्या हातचा चहा पाजला, तेव्हा म्हणाले, "पेपरवाले हल्ली फार चांगल्या मनाचे झालेत." हे गेल्यापासून मी वाचते, पण तोंडातल्या तोंडात. मोठ्याने वाचायला समोर कोणी लागतं. वर्षभर ते दोन शब्द कोणी मला म्हटले नव्हते, आणि म्हटले ते लिमलेट चघळणाऱ्या परक्या माणसाने, विमान सुरू करताना.

माझी ओळ हरवली. पायलटसाहेब म्हणाले, "दिसत नाही का काकू?" म्हटलं, दिसतंय. आणि वाचायला लागले. पट्टे बांधले. इंधनाची कळ उघडी. पंखा मोकळा. तेलाचा दाब. ते हात फिरवत "हं, पुढे," म्हणत गेले आणि मी असं खणखणीत वाचत गेले की फाटकाशी गाडीत बसून तुम्हालाही ऐकू आलं असेल. मग आवाज वाढला, सगळं थरथरायला लागलं, आणि जमीन सुटली.

वन्सं, काय सांगू! मी मोठ्याने हसले. एवढ्या वयाच्या बाईने असं हसू नये, पण आवरेचना. खाली घरं काड्यापेट्यांएवढी, रस्ते सांडलेल्या दोऱ्यांसारखे, आणि मग आपलं गॅरेज. पत्र्यावरचं ते गंजलेलं टायर ओळखलं मी. अंगणात कोणी तरी हात पुसत बाहेर आलं होतं आणि वर बघत होतं. हेही असेच यायचे बाहेर, विमान गेलं की. आवाज ऐकून म्हणायचे, "आज जरा खोकतंय." ते कोण होतं ते मला माहीत आहे, नवीन मिस्त्री आहे तिथला. तरी मी हात केला. पुन्हा पुन्हा केला, गॅरेज मागे जाईपर्यंत.

आता पुढचा प्रसंग. हा दाताच्या डॉक्टरांकडून तुमच्या कानावर वेगळ्या तऱ्हेने येईल म्हणून आधी मीच सांगते. कागदाची एक बाजू वाचून झाली होती. पण मला सवय काय लागलेली? रद्दीचा कागद संपला की उलटून बघायचं, पुढची गोष्ट मागे असते का. मी उलटला. मागे होतीच. मी वाचली, मोठ्याने, मघासारखीच खणखणीत: "इंजिन बंद पडल्यास."

पायलटसाहेब दुसऱ्या गोळीचा कागद सोडवत होते. ते सवयीने म्हणाले, "हं, पुढे."

म्हणून मी पुढे वाचलं. "घाबरू नये. नाक खाली घ्यावे. वेग राखावा. उतरण्याजोगे सपाट मैदान शोधावे." इथे मी थांबले, खिडकीतून दोन्ही बाजूंना नीट पाहिलं, आणि मला जे दिसलं ते खरं खरं सांगितलं, की मैदान नाही हो इथे, सगळे डोंगरच आहेत.

ते सगळं त्या काडीतून मागे पोचत होतं. मागे जो गोंधळ झाला तो मला वळून बघता आला नाही, पण नंतर सगळ्यांनी सांगितला. डॉक्टर ओरडले, "बाई, पान उलटा! आधीचंच बरं होतं!" नवऱ्यामुलाची बोबडी वळली, त्याने डोळे मिटून जी मिठी मारली ती बायकोला नव्हे, शेजारच्या बटाट्याच्या पोत्याला. म्हणजे तुमच्या सीटला. (तुम्ही असतात तर केवढा अनर्थ!) मुलगी ते बघत होती. ती अजिबात घाबरली नाही, म्हणाली, घाबरायला वेळच नव्हता, मी नवऱ्याकडे बघत होते. पायलटसाहेबांना काय झालं ते उशिरा कळलं, आणि मग ते असे हसायला लागले की विमानही हसतंय असं वाटलं. "अहो इंजिन चालू आहे, कान आहेत ना तुम्हाला!" ते मागे ओरडले. पण कानावर झाकणं असलेल्या माणसांना इंजिन कसं ऐकू यावं?

उतरतानाची ओळ न ओळ मी वाचली, या वेळी पायलटसाहेबांचं बोट जिथे असेल तिथेच थांबून. इथली धावपट्टी म्हणजे डोंगराच्या खांद्यावर ठेवलेली इस्त्रीची फळी. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला एक गाय, तिला हाकलायला एक माणूस नेमलेला. टेकलो. नवी नवरी आधी उतरली आणि तिने नवऱ्याला विचारलं, "पोतं तू आणतोस की मी आणू?" (आता सगळं ठीक आहे. परवा दोघं चढावरून एकाच शालीत चालताना दिसली.) डॉक्टर मला म्हणाले, "बाई, मी रोज पेशंटला सांगतो, घाबरू नका. त्यांना ते ऐकून कसं वाटतं ते आज कळलं."

पोतं माझ्या मुक्कामाच्या घरच्या बाईंनीच मागवलेलं निघालं. म्हणजे तुमच्या सीटवरून आलेले बटाटे मी सकाळ-संध्याकाळ खाते आहे आणि घासागणिक तुमची आठवण येते. गाव उभं आहे, एकाचं अंगण म्हणजे खालच्याचं छप्पर. चपलेच्या दुकानात पायऱ्या उतरून जायचं, टपालाच्या कचेरीत पायऱ्या चढून. प्रत्येक वळणावर बाक आहे, कारण प्रत्येक वळणावर माणूस धापा टाकतो. तुमच्या गुडघ्यांनी इथे येऊ नये हेच बरं. घरी आराम करा. मी मजेत आहे. खोली भाचेबुवांनी दोघींची घेतली आहे, तेव्हा खाटा दोन आहेत. बाईंनी दोन्हींवर चादरी घातल्या, दोन्हींवर उशा ठेवल्या, सकाळी चहाचे पेले दोन आणले. मी सांगितलं, एकच. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. दुसऱ्या खाटेवर तुमची बॅग ठेवली आहे. मला त्याची सवय आहे, घरीही अर्धी खाट रिकामीच असते, तेव्हा माझी काळजी करू नका.

कवळी पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीत ठेवली आहे. समोर बर्फाची शिखरं आहेत आणि सकाळी ऊन आलं की ती त्यांच्याकडे बघून हसते. तुमच्यातल्या तेवढ्या भागाला तरी हवापालट होतो आहे. दाताच्या डॉक्टरांनी मुद्दाम येऊन पाहिली. म्हणाले, पेशंटबरोबर कवळी येते, कवळी आली आणि पेशंट नाही असं पहिल्यांदाच बघतोय.

एक मात्र मनात आलं ते लिहिते. तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलात, माझ्या भावाला डोंगर बघायचे होते, पण बायको भित्री. मी कधी काही म्हटलं नाही. दर वेळी जायचं ठरलं की हे नवा सदरा घालायचे, बॅग दारात ठेवायचे, आणि पोटात कळ यायची. घरातला दिवा बदलायला स्टुलावरही मीच चढायची, हे तुम्ही पाहिलंय. तुमच्याकडे कोणाचं पोट, कोणाचा गुडघा. घराण्याचंच दुखणं आहे ते, त्याला इलाज नाही. मी भित्री राहिले, त्यात माझं काही गेलं नाही. फक्त आता गॅरेजवरून गेले तेव्हा वाटलं, शेजारच्या सीटवर ह्यांना बसवून, डोळे मिटायला सांगून, नुसतं वाचून दाखवत वर आणलं असतं. मी वाचत असले की ह्यांना दुसऱ्या कशाचं भान नसायचं.

असो. भाचेबुवांना आशीर्वाद. गुडघ्यांना शेक द्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. हे पत्र पायलटसाहेबांच्या हातून येईल. विमानाचा मुक्काम इथेच असतो, सकाळी खाली जातं आणि दुपारी वर येतं. कवळीही तेच आणू शकले असते. "द्या की काकू, खिशात घालतो," म्हणाले. मी नाही दिली. त्यांच्या खिशात काय काय मोडकं असतं ते मी पाहिलंय. शिवाय कवळीला इथे बरं वाटतंय, तिला इतक्यात पाठवणार नाही. त्यांच्याकडे मागू नका, त्यांना ताकीद आहे.

आणखी ता. क. येत्या गुरुवारी सकाळी विमान खाली येईल त्यात मी असेन. चष्म्याची पंचाईत आहे, कोणीतरी वाचायला हवं. भाचेबुवांना सांगून फाटकाशी या. कवळी माझ्या हातात असेल, पण ती जमिनीवर मिळणार नाही. विमानात बसून, पट्टा बांधून झाल्यावर मिळेल. भाचेबुवांना खरं वजन सांगा, पोत्याला या वेळी येऊ नको म्हणून कळवलं आहे. डोळे मिटून बसलात तरी चालेल, मी कोणाला सांगणार नाही. कागदाची मागची बाजू वाचणार नाही, शपथ.

शेवटचं. चष्मा परवाच दुरुस्त झाला. काल चहाच्या दुकानात पायलटसाहेब तो लावून पेपर वाचत होते, मला बघून घाईने खिशात घातला. आज पत्र न्यायला आले तर दांडी खिशातून बाहेर डोकावत होती आणि म्हणतात, "गुरुवारी याल ना वाचायला? चष्म्याचं काही खरं नाही." मग आज खाली जाताना कोण वाचणार, ते मी विचारलं नाही. इथल्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली आहे. सुरुवात मनातल्या मनात वाचली. काल संध्याकाळी तुमच्या खाटेकडे तोंड करून एक पान मोठ्याने वाचलं, आणि पानाच्या शेवटी सवयीने थांबले. बॅग काही बोलली नाही. तिथेच खूण घालून ठेवली आहे. वन्सं, तुम्ही या. चढू नका, फिरू नका, खाटेवर पडून राहा, फक्त पान संपलं की ते म्हणा. दोनच शब्द आहेत, कवळीशिवायही म्हणता येतात.